तो की ते, आणि त्या बोक्याचं काय करायचं

माझ्या भाचीला मी मुलांसाठी लिहीत असलेल्या लुई ब्रेलच्या, म्हणजे आंधळ्यांसाठी लिपी करणाऱ्याच्या, चरित्राचा पहिला ड्राफ्ट वाचून दाखवायला बसले तेव्हा ती दुसऱ्या पानावर पाणी प्यायला म्हणून उठली आणि परत आलीच नाही. दहा वर्षांची आहे, उद्धट अजिबात नाही, "मावशी बोअर होतंय" असं तोंडावर कधी म्हणणार नाही, पण पाणी प्यायला जाऊन न येणं हे त्याहून स्पष्ट होतं. मग मी तेच पान परत एकटीनं मोठ्यानं वाचलं. "लुई ब्रेल यांचा जन्म ४ जानेवारी १८०९ रोजी फ्रान्समधील कुपव्रे या खेड्यात एका कष्टाळू कुटुंबात झाला. लहानपणापासूनच ते अत्यंत जिज्ञासू व चिकाटीचे होते." दुसऱ्या वाक्याला मलाच तहान लागली.

यात चूक एकही नाहीये, हीच तर गोची. तारीख बरोबर, गाव बरोबर, कुटुंब कष्टाळू होतंच. पण नाव आणि तारीख बदला की हे वाक्य कुणालाही चिकटवता येतं, शास्त्रज्ञ असो, संगीतकार असो, सेनापती असो, सगळे कष्टाळू कुटुंबात जन्मतात आणि लहानपणापासूनच जिज्ञासू असतात. मी लहानपणी असली चरित्रं ढिगानं वाचली, आणि आता आठवायला गेले तर सगळी माणसं एकच वाटतात, फक्त मिशा वेगळ्या.

दुसरा ड्राफ्ट मी सरळ वडिलांच्या कामाच्या खोलीत सुरू केला. लुईचे वडील घोड्यांची खोगिरं आणि साज बनवायचे. तीन वर्षांचं पोर, बाबा करतात तसं आपणही करू म्हणून चामड्याचा एक तुकडा घेतला, आरी (चामड्याला भोकं पाडायचं टोकदार हत्यार) घेतली, नीट दिसावं म्हणून तोंड अगदी जवळ नेलं, दाबलं, आणि आरी सटकली. एक डोळा त्यात गेला. मग जखम चिघळली, दुसऱ्या डोळ्यातही पसरलं, पाच वर्षांचा होईपर्यंत दोन्ही डोळ्यांनी दिसायचं बंद झालं. लिपी नाही, मोठं नाव नाही, काही नाही अजून. तीन वर्षांच्या लुईला कुठे माहीत होतं की आपण लुई ब्रेल आहोत!

भाची उठली नाही. गुडघे पोटाशी घेऊन बसली आणि म्हणाली, "मग त्याच्या बाबांना कसं वाटलं असेल?"

आणि इथे मी माती खाल्ली. प्रश्न इतका छान होता की मी रात्री बसून त्याचं उत्तर म्हणून एक अख्खं पान लिहिलं. बाबा रात्री एकटेच कामाच्या खोलीत जातात, दिवा लावतात, ती आरी हातात घेतात, बघत राहतात, आणि भिंतीवर फेकून मारतात. काय पान झालं होतं! माझ्याच डोळ्यात पाणी. सकाळी चहाबरोबर वाचलं तेव्हाही आवडलं. मग एक साधा विचार आला की हे कुणी पाहिलं? कुणी लिहून ठेवलं? कुणीच नाही, मी काल रात्री साडेअकराला लिहिलं. आणि मी हे छापलं तर माझी भाची आयुष्यभर समजणार की लुई ब्रेलच्या वडिलांनी आरी भिंतीवर फेकली होती, कारण पुस्तकात आहे ना. मोठा माणूस वाचताना थोडा तरी संशय ठेवतो, दहा वर्षांचं मूल पुस्तकाला सही करून कोरा चेक देतं.

पान फाडलं. (म्हणजे डिलीट केलं, पण फाडल्यासारखंच वाटलं.)

मग मी परत शोधायला बसले, या वेळी असं ठरवून की बाबांना काय *वाटलं* ते जाऊ दे, बाबांनी काय *केलं* ते बघू. आणि ते होतं की! आंधळ्या झालेल्या मुलाला गावातून एकट्यानं फिरता यावं म्हणून बापानं त्याच्यासाठी काठ्या तासून दिल्या. काठ्या, अनेकवचन, कारण पोरगं वाढतं आणि काठी वाढत नाही. आणि अक्षरं शिकवायला लाकडाच्या पट्टीवर अक्षराच्या आकारात खिळे ठोकले, खुर्चीच्या गादीला मारतात तसले गोल डोक्याचे, म्हणजे बोट फिरवलं की अक्षर लागावं. झालं, एवढंच लिहिलं. बापाला किती वाईट वाटलं त्याचं एक अक्षर नाही. भाचीला वाचून दाखवलं तर ती थोडा वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली, "सारखी सारखी नवीन काठी करायची म्हणजे..." आणि पुढचं वाक्य सोडून दिलं. माझ्या आरी फेकण्याच्या पानानं हे झालं नसतं. त्यात मी बापाच्या वतीनं रडले होते, इथे तिनं स्वतः हिशोब केला.

तेव्हापासून माझं हे एक वेडच झालंय म्हणा. मुलांसाठी इतिहास लिहिताना गोष्ट रचायची नाही, शोधायची. आणि वाटलं काय यापेक्षा केलं काय ते शोधायचं, कारण केलेल्याची खूण कुठेतरी मागे राहते.

यावर लोक म्हणतात, अगं मुलांचंच तर पुस्तक आहे, थोडं मीठमसाला चालतं. चालतं ना, आजवर चालतच आलंय. जॉर्ज वॉशिंग्टन आणि चेरीचं झाड सगळ्यांना माहितीये. पोरगा बापाच्या आवडत्या झाडावर कुऱ्हाड चालवतो, बाप विचारतो, पोरगा म्हणतो मी खोटं बोलू शकत नाही. ही गोष्ट वीम्स नावाच्या चरित्रकारानं आणली. वॉशिंग्टन १७९९ च्या डिसेंबरमध्ये गेले, १८०० मध्ये वीम्सचं चरित्र बाहेर आलं, आणि त्यातही ही गोष्ट पहिल्या आवृत्तीत नव्हतीच, ती १८०६ च्या पाचव्या आवृत्तीत उगवली. दुसरा पुरावा कुठेही नाही. म्हणजे मुलांना खरं बोलायला शिकवणारी जगातली सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट बहुतेक कुणीतरी घरी बसून बनवलेली आहे. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी इतकी हसले की काय सांगू, आणि मग लगेच माझं साडेअकराचं पान आठवलं आणि हसू थांबलं.

न्यूटनचं सफरचंद तसंच, पण त्यात एक वेगळी मजा आहे. डोक्यात पडलं वगैरे सगळं नंतरचं. पण सफरचंद खोटं नाहीये. म्हातारपणी, १७२६ मध्ये, न्यूटननं स्टकली नावाच्या एका मित्राला जेवणानंतर बागेत सफरचंदाच्या झाडांच्या सावलीत चहा पिता पिता सांगितलं की अशाच एका पडणाऱ्या सफरचंदावरून मला तो विचार सुचला होता, आणि स्टकलीनं ते लिहून ठेवलं. आता मला सांगा, टाळक्यात सफरचंद पडून दचकलेला शास्त्रज्ञ जास्त चांगला, की ऐंशीच्या घरात पोचलेला एक म्हातारा, चहाचा कप घेऊन साठ वर्षांपूर्वीचं एक सफरचंद आठवतोय तो? मुलांना दुसरा कळणार नाही असं आपणच ठरवून टाकतो. कळतं त्यांना. आजोबा जुन्या गोष्टी सांगताना थोड्या फुगवून सांगतात हे मुलांइतकं कुणाला माहीत असतं?

अवतरणचिन्हांबद्दल मी आता फार कडक झालेय. माणूस ते बोलला असं त्यानं किंवा समोरच्यानं लिहून ठेवलं असेल तरच त्या चिन्हांच्या आत, नाहीतर साध्या वाक्यात. पूर्वी मुलांच्या चरित्रात पानंच्या पानं संवाद असायचे, आई अशी म्हणाली, त्यावर बाळ म्हणाला, आणि त्या बाळाच्या तोंडी अशी वाक्यं की प्राध्यापकाला जमणार नाहीत. संवाद काढले की पुस्तक कोरडं पडेल अशी भीती मलाही होती. पडत नाही, फक्त मेहनत वाढते, कारण आता पत्रं वाचावी लागतात.

आणि पत्रात सोनं असतं हो. रामानुजनचं इंग्लंडमधल्या हार्डी नावाच्या गणितज्ञाला पाठवलेलं पहिलं पत्र घ्या, १६ जानेवारी १९१३ चं. मी मद्रासच्या पोर्ट ट्रस्टच्या ऑफिसात कारकून आहे, असं लिहितो, आणि पुढे लिहितो की माझं वय आता साधारण २३ आहे. आता रामानुजनचा जन्म २२ डिसेंबर १८८७ चा. मी हे दोन आकडे पानावर शेजारी शेजारी ठेवले आणि पुढे काहीच लिहिलं नाही. चार मुलांना वाचायला दिलं, चारांपैकी तिघांनी वजाबाकी केली आणि धावत आले, "मावशी, तो पंचवीसचा आहे! एवढा मोठा गणितवाला आणि स्वतःचं वय चुकवलं!" चुकलं की मुद्दाम कमी सांगितलं, यावर त्यांच्यात नंतर अर्धा तास भांडण झालं. मला दुसरं काय पाहिजे होतं? नोंद आहे, त्याच्याच हातची आहे, आणि तरी बरोबर नाही, हे इतिहासातलं केवढं मोठं प्रकरण आहे, आणि ते त्यांना एका वजाबाकीत कळलं. १७२९ नंबरच्या टॅक्सीची प्रसिद्ध गोष्ट पुढच्या पानावर होती, ती त्यांनी नीट वाचलीसुद्धा नाही आधी. (नंतर वाचली. एकाचा घन अधिक बाराचा घन, नवाचा घन अधिक दहाचा घन, वहीत करून बघितलं, दोन्हींचं १७२९ आलं. मग परत वयावरून भांडण.)

बरं, आता एक अस्सल मराठी डोकेदुखी. तो की ते?

इंग्रजीत लिहिणाऱ्यांना हे दुखणंच नाही, "ही" (he) लिहून मोकळे. आपल्याकडे लुई ब्रेल तीन वर्षांचा असताना "ते आरी घेऊन बसले" असं लिहिलं तर डोळ्यासमोर धोतर-कोट घातलेले तीन वर्षांचे गृहस्थ येतात. आणि "तो" लिहिलं तर कुणीतरी मोठं माणूस नक्की म्हणतं, एवढ्या थोर माणसाला अरे-तुरे? माझ्या एडिटर बाईंनी तोडगा सुचवला की लहानपणी तो, मोठेपणी ते. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण कुठल्या पानावर? पंधराव्या वर्षी त्यानं सहा टिंबांची पद्धत जवळजवळ पूर्ण केली होती, तेव्हा ते? की ज्या शाळेत शिकला तिथेच शिकवायला लागला तेव्हा ते? मी शिक्षक झाल्यावर ते केलं. अठराव्या पानावर तो, एकोणिसाव्या पानावर ते. भाचीनं एकोणिसावं पान वाचलं, परत मागे गेली, परत पुढे आली आणि विचारलं, "हे ते कोण आले मध्येच?"

मग मी सरळ शेवटपर्यंत तो ठेवला. आपण गोष्ट सांगताना "एक होता राजा" म्हणतो, "एक होते राजे" म्हटलं तर गोष्ट तिथेच बसकण मारते. ज्याच्याबरोबर दोनशे वर्षं मागे चालत जायचंय त्याला अहो-जाहो करून कसं चालेल? मान द्यायचा तो काठ्यांच्या त्या वाक्यात दिला की मी.

पण याच भानगडीत मला माझीच एक लाजिरवाणी गोष्ट सापडली. मेरी ॲनिंगवर लिहिलेलं जुनं पान बघत होते. मेरी, समुद्राकाठच्या कड्यांमधून जीवाश्म काढणारी, जन्म १७९९ चा. आणि त्या पानावर विल्यम बकलंड, ऑक्सफर्डचे भूगर्भशास्त्रज्ञ, "ते", आणि मेरी, बकलंडसारख्यांना हाडं दाखवणारी, "ती". एकाच परिच्छेदात! तेव्हा ती पोरही नव्हती, चांगली मोठी बाई होती. माझं मला कळलंच नाही लिहिताना. आता नियम एकच, पुस्तकात सगळे एका पंगतीला, एकतर सगळे तो-ती नाहीतर सगळे ते-त्या.

मेरीच्या बाबतीत अजून एक. तिचा पहिला मोठा शोध म्हणजे इक्थिओसॉरचा, म्हणजे समुद्रात राहणाऱ्या, माशासारख्या दिसणाऱ्या एका प्राचीन सरपटणाऱ्या प्राण्याचा सांगाडा. पण त्याची कवटी आधी सापडली ती तिच्या भावाला, जोसेफला, १८११ मध्ये. बाकीचा सांगाडा नंतर मेरीनं शोधला, बारा-तेरा वर्षांची होती. बऱ्याच लहान पुस्तकांतून जोसेफ गायब असतो, कारण एकच हीरो पाहिजे. मला उलट वाटतं की भाऊ असताना गोष्ट जास्त चांगली होते. नुसतं डोकं सापडलंय, चार फुटांचं, आणि धड कड्यात कुठेतरी अडकलंय, आणि बहीण महिनोन् महिने ते शोधतेय. ज्या मुलाला भाऊ किंवा बहीण आहे त्याला हे जोसेफवालं व्हर्जनच आवडणार, आधी कुणाला सापडलं यावरून घरात काय झालं असेल ते त्याला सांगावं लागत नाही.

साहित्य शोधताना मी काय बघते असं कुणी विचारलं तर नीट सांगता येत नाही, पण साधारण हाताला लागेल असं काहीतरी. इजिप्तच्या तुतनखामेन राजाच्या थडग्यातला सोन्याचा मुखवटा आहेच, तो सगळ्या कव्हरांवर असतो. मी त्याच्या चपला घेते. तळव्याला जिथे पाय टेकतो तिथे शत्रूंची चित्रं काढलेली, म्हणजे राजा चालला की पावलोपावली शत्रू पायाखाली. नऊ-दहा वर्षांच्या वयात गादीवर बसलेला मुलगा होता तो, त्याला ह्या चपला किती आवडल्या असतील, असं मी लिहिणार नाही बरं का (वर बघा), पण वाचणारं पोर बरोबर तिथे पोचतं.

किंवा ओनफिम. हा माझा सगळ्यात लाडका. रशियातल्या नॉवगरोदमध्ये १९५६ साली उत्खननात बर्च झाडाच्या सालीचे तुकडे सापडले, तेराव्या शतकातले, आणि त्यावर सहा-सात वर्षांच्या एका मुलाचा अभ्यास. अक्षरं गिरवलीयेत, कंटाळा आला की चित्रं काढलीयेत. घोड्यावर बसून शत्रूला भाला मारणारा वीर, आणि वीराशेजारी स्वतःचं नाव. दुसऱ्या एका तुकड्यावर चार पायांचा एक भयंकर प्राणी आणि लिहिलंय, मी जंगली प्राणी आहे. माणसांच्या हातांना बोटं किती काढायची याचा काही नेम नाही, कुठे तीन, कुठे जास्त, दाताळ्यासारखी. राजा नाही, शास्त्रज्ञ नाही, पुढे त्याचं काय झालं काही नाही, आयुष्यात एकच गोष्ट केली, अभ्यास टाळला. मी कुठल्याही मुलांना इतिहास म्हणजे काय ते सांगायला लागले की ओनफिमपासून सुरू करते. "हा माझ्यासारखा आहे" हे मला म्हणावंच लागत नाही, कुणीतरी आधीच वहीचं मागचं पान उघडलेलं असतं.

मोठ्या भयानक गोष्टींनाही हेच लागू पडतं. युद्धात लाखो माणसं मेली हे वाक्य मुलांच्या डोक्यावरून जातं, खरं सांगायचं तर माझ्याही. पण दुसऱ्या महायुद्धात नाझींपासून लपलेल्या फ्रँक कुटुंबाच्या ॲम्स्टरडॅममधल्या त्या लपायच्या जागेत भिंतीवर पेन्सिलच्या रेघा आहेत, बापानं दोन्ही मुलींची उंची मोजून ठेवलेल्या. दोन वर्षांहून थोड्या जास्त काळात ॲन फ्रँक तेरा सेंटिमीटरपेक्षा जास्त वाढली. बाहेर पडायचं नाही, दिवसा आवाज करायचा नाही, आणि उंची वाढतेय. मुलं पट्टी काढून तेरा सेंटिमीटर बघतात.

आता बोका. या एका बोक्यावरून माझं आणि एडिटर बाईंचं पंधरा दिवस वाजत होतं.

शॅकलटन नावाच्या ब्रिटिश दर्यावर्दीची अंटार्क्टिकाची मोहीम. एन्ड्युरन्स जहाज, २८ माणसं, १९१५ मध्ये बर्फात अडकून चिरडलं गेलं आणि त्या नोव्हेंबरमध्ये बुडालं. जहाजावरचा सुतार हॅरी मॅकनिश, त्याच्याबरोबर एक मांजर, नाव मिसेस चिप्पी, आणि निघाल्यावर महिनाभरानं लोकांना कळलं की ही मिसेस नाहीच, बोका आहे, पण नाव तेच राहिलं. इथे मुलं खिदळतात. जहाजावर चोरून चढलेला एक पोरगाही होता, पर्स ब्लॅकबरो, आणि त्याचा एक फोटो आहे, खांद्यावर मिसेस चिप्पी बसलेली (बसलेला?), दोघंही एकदम निवांत. मी पुस्तक या फोटोपासूनच सुरू केलं, शॅकलटनपासून नाही. सगळे मुलगे-मुली लगेच त्या दोघांचे होऊन जातात.

आणि मग जहाज सोडायची वेळ येते आणि शॅकलटन हुकूम देतो की जे प्राणी पुढच्या प्रवासात टिकणार नाहीत त्यांना गोळी घालायची. कुत्र्यांची लहान पिल्लं, आणि मिसेस चिप्पी.

एडिटर बाई म्हणाल्या, हे पान काढ. आठ ते बारा वयोगट आहे, आईबाप पुस्तक परत करतील. त्यांचं अगदीच चूक होतं असं नाही, मीही तीनदा काढलं आणि घातलं. एक मधला मार्ग पण होता, बोक्याचा पुढे उल्लेखच नाही करायचा. पण मुलं विसरत नाहीत ना! पहिल्या पानावर खांद्यावर बसवलाय तुम्ही त्याला. चाळीस पानं वाचून झाल्यावर पहिला प्रश्न येणार, बोका कुठेय? आणि त्याचं उत्तर पुस्तकात नसेल तर पोराला कळतं की इथे काहीतरी लपवलंय, आणि मग ते बाकीच्या पानांकडेही तसंच बघायला लागतं.

शिवाय बोका काढला तर मॅकनिश कळत नाही. मॅकनिशनं शॅकलटनला त्याबद्दल माफ केलं नाही. बर्फावर एकदा त्यानं हुकूम मानायला नकार दिला. आणि याच चिडक्या सुतारानं नंतर जेम्स केर्ड ही साधारण सात मीटरची होडी अशी दुरुस्त केली, कडा उंच केल्या, वरून कॅनव्हास ताणलं, फटी बुजवायला चित्रकाराचे तैलरंग आणि सीलचं रक्त वापरलं, की तिच्यातून सहा जण, त्यात शॅकलटन आणि स्वतः मॅकनिशही, जगातल्या सगळ्यात खवळलेल्या समुद्रातून मदत आणायला तेराशे किलोमीटरच्या वर गेले आणि पोचले. एलिफंट बेटावर मागे राहिलेले बावीस जण ३० ऑगस्ट १९१६ ला सुटले ते त्यामुळेच. ज्याच्या बोक्याला मारायला लावलं त्याच्याच हातच्या होडीत बसून शॅकलटन वाचला. आणि नंतर मोहिमेतल्या लोकांना पदकं द्यायची वेळ आली तेव्हा ज्या चौघांना नाही मिळालं त्यात मॅकनिश होता. आता शॅकलटन चांगला की वाईट? मी लिहिलेलं नाही. एका मुलानं मला सांगितलं, "दोन्ही, पण पदक द्यायला पाहिजे होतं." पंधरा दिवस वाद घालून मला हे इतकं नेमकं सांगता आलं नव्हतं.

याच पुस्तकात मी अजून एक वाक्य वाचवलं, म्हणजे एका खोट्यातून स्वतःला वाचवलं. शेवटच्या पानावर लिहून टाकलं होतं, "एकही माणूस न गमावता शॅकलटन परतला." किती पुस्तकांत आहे हे! एन्ड्युरन्सवरचे २८ जण वाचले हे खरंच आहे. पण त्याच मोहिमेची दुसरी तुकडी खंडाच्या पलीकडच्या बाजूला होती, शॅकलटनच्या लोकांना वाटेत पुरावं म्हणून अन्नाचे साठे ठेवत, आणि त्यातले तिघं मेले. जे साठे खायला कुणी येणारच नव्हतं ते ठेवून परतताना. हे कळल्यावर ते टाळ्यांचं वाक्य टाइप करायला हात धजेना. शेवट थोडा लंगडा झाला पुस्तकाचा, असू दे.

आणि काढून टाकायचं दुःख काय असतं ते याच मोहिमेतल्या फोटोग्राफरकडून शिकावं. फ्रँक हर्लीनं बुडत्या जहाजातल्या गार पाण्यात उतरून काचेच्या निगेटिव्ह बाहेर काढल्या. पण सगळ्या नेणं शक्यच नव्हतं. मग तो आणि शॅकलटन बर्फावर बसले, एकेक काच बघत, सुमारे १२० ठेवल्या आणि सुमारे ४०० तिथल्या तिथे फोडल्या. फोडल्या का, तर नंतर मन बदलून परत न्यायला येऊ नये म्हणून. माझ्याकडे तुतनखामेनच्या शंभराहून जास्त काठ्या पडून आहेत, मेरी ॲनिंगचा दरडीखाली गेलेला कुत्रा आहे, सगळं नोंद असलेलं, सगळं खरं, आणि कुठल्याच पुस्तकात जागा नाही. मी मात्र फोडत नाही, "नंतर बघू" नावाच्या फोल्डरमध्ये ठेवते, म्हणून तर माझी पुस्तकं वेळेवर होत नाहीत.

बाकी भाषा सोपी ठेवा, वाक्यं फार लांब नको, हे सगळे सांगतात ते बरोबरच आहे, त्यात मी काय भर घालणार, माझी स्वतःची वाक्यं बघा. एकच सांगते, चित्रकाराला ड्राफ्ट लवकर दाखवा. आपण लिहून जातो "कामाच्या खोलीत आरी पडली होती", आणि चित्रकार विचारतो, आरीची मूठ कशाची, टेबल किती उंच, मुलाचा हात पोचतो का, उजेड कुठून येतोय? पहिल्यांदा मला राग आला होता, आता कळतं की ज्याचं उत्तर मला देता येत नाही ती खोली मी बघितलेलीच नाहीये. कुपव्रेचं ते घर आता संग्रहालय आहे, त्या खोलीचे फोटो शोधले, हत्यारं भिंतीवर ओळीनं लावलेली बघितली, आणि मग माझीच तीन वाक्यं बदलली.

तर बोक्याचं पान शेवटी राहिलं. छापायला द्यायच्या आदल्या रात्री भाचीनं ते वाचलं, एकटीनं, मला शेजारी बसू दिलं नाही. वाचून झाल्यावर बराच वेळ आवाज नाही. मी दारातून डोकावले.

"मावशी, त्या सुतारानं त्यांना नंतर माफ केलं?"

"नाही."

"कधीच?"

"कधीच नाही. तो मेल्यावर खूप वर्षांनी, २००४ मध्ये, त्याच्या थडग्यावर त्या बोक्याचा ब्राँझचा पुतळा बसवला लोकांनी. खऱ्या बोक्याएवढा."

तिनं थोडा विचार केला. "बरं झालं," म्हणाली, आणि माफ न केलेलं बरं झालं की पुतळा बसवला ते, हे मी विचारायच्या आत पान उलटलं.